बातमीची उमेदवारी कोठे करावी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी नवी मांडणी केली आहे, तीत पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रीय प्रकल्प विद्यार्थ्याने पुरा करावा अशी तरतूद आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ती अंमलात आली. एका श्रेयांकास तीस तास या हिशेबाने एकशेवीस तासांचे हे काम होते. इतर विषयांचे विद्यार्थी हे तास कोठे व कसे भरून काढतात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन यांच्या विद्यार्थ्यांपुरते पाहिले, तर ही तरतूद स्वागतार्हच म्हटली पाहिजे. बातमी ही वर्गात बसून शिकण्याची गोष्ट नव्हे, हे त्या विषयाचे प्राध्यापकही मान्य करतील. प्रश्न एवढाच उरतो की, बाहेर पडून विद्यार्थ्याने जावयाचे कोठे आणि तेथे त्याने नेमके करावयाचे काय.

हा ‘एवढाच’ प्रश्न न सुटल्यामुळे आपल्याकडे यापूर्वी एक चांगली कल्पना वाया गेली आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाला स्थान द्यावे अशी शिफारस केली होती. त्याच्याही आधी, १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमचे सूत्र हेच होते, की हात ज्या उपयुक्त कामात गुंततो त्या कामातूनच बुद्धीचेही शिक्षण व्हावे. शाळांतून प्रत्यक्षात काय झाले, हे ज्या पिढ्यांनी ‘कार्यानुभव’ नावाचा तास अनुभवला त्यांना सांगावयास नको. कागदी फुले, खडू, मेणबत्त्या; आणि परीक्षेच्या आदल्या सायंकाळी बाजारातून आणलेल्या याच वस्तूंना मिळालेले गुण. त्या फुलांची कोणाला गरज नव्हती. काम होते, पण ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. आणि म्हणून ते चांगले झाले काय किंवा वाईट झाले काय, त्याचे कोणालाच सोयरसुतक नव्हते.

पत्रकारितेच्या कार्यप्रशिक्षणाचे असेच काही होऊ घातले आहे, अशी शंका येण्यास जागा आहे. विद्यार्थी शहरातल्या एखाद्या दैनिकाच्या, वाहिनीच्या किंवा जाहिरात संस्थेच्या कार्यालयात चार-सहा आठवडे काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो. माझी एक माजी विद्यार्थिनी अर्थशास्त्राची पदवी घेऊन या शिक्षणाकडे वळली. नीराकाठच्या एका लहान गावातली, वडिलांची शेती बेताची. प्रशिक्षणासाठी तिने शहरात खोली घेतली, खानावळ लावली, आणि सहा आठवडे एका वृत्तपत्राच्या कार्यालयात रोज हजेरी लावली. तिने तेथे काय केले? आलेली प्रसिद्धिपत्रके संगणकावर उतरवून घेतली. उद्घाटने, सत्कार, पुण्यतिथ्या, निवडी. त्या सहा आठवड्यांत कोणाला प्रश्न विचारण्यासाठी तिला एकदाही कार्यालयाबाहेर पाठविण्यात आले नाही. प्रमाणपत्रावरचा शेरा मात्र ‘उत्कृष्ट’ असा आहे.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न मुळात खर्च कोणी सोसावयाचा आणि लाभ कोणाला मिळावयाचा याचाच आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार पाडले आहेत. ज्या कौशल्याचा उपयोग त्या एकाच आस्थापनेत होतो ते विशिष्ट प्रशिक्षण, आणि ज्याचा उपयोग कोठेही होऊ शकतो ते सर्वसाधारण प्रशिक्षण. दुसऱ्या प्रकारावर खर्च करण्यास मालक सहसा तयार होत नाही, कारण शिकून तयार झालेला माणूस उद्या शेजारच्याकडे जाणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्याचा खर्च शिकणाऱ्याच्याच अंगावर पडतो. तो कमी वेतन घेतो, किंवा अजिबात घेत नाही. माणसे गाठणे, कागद तपासणे, दोन बाजू पडताळणे, चार ओळींत मुद्दा मांडणे ही कौशल्ये पूर्णतः या दुसऱ्या प्रकारची आहेत. तेव्हा ती शिकविण्यात वृत्तपत्राच्या कार्यालयाने वेळ का घालवावा? उपसंपादकाच्या हाताखाली आधीच माणसे अपुरी आहेत. त्याला टंकलेखनाला मदत मिळाली, तेवढ्यावर तो समाधानी असतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण बेकरच्या सिद्धान्ताचा दुसरा भाग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शिकणाऱ्याने खर्च सोसावा, हे ज्याच्यापाशी सोसण्याजोगे काही आहे त्याच्याच बाबतीत खरे. ज्याचे घर पुण्यात आहे त्याला सहा आठवड्यांची विनावेतन उमेदवारी परवडते. खंडाळा, माण किंवा जत तालुक्यातल्या मुलाला ती परवडत नाही. परवडलीच, तर घरच्यांनी कर्ज काढलेले असते. यातून पत्रकारितेत कोण येतो आणि कोण येत नाही याची निवड, कोणी ठरवून न करताही, परस्पर होऊन जाते. उद्या आपल्या वृत्तपत्रांतून कांद्याच्या लिलावाची बातमी कोण लिहिणार आणि ती कशी लिहिली जाणार, याचा निकाल आज अशा खोलीभाड्याच्या हिशेबात लागत असतो.

विद्यार्थिनीच्या त्या सहा आठवड्यांबाबत आणखी एका अर्थशास्त्रज्ञाची आठवण होते. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली ‘करता करता शिकणे’ या विषयावर एक निबंध लिहिला. विमानांच्या कारखान्यात जसजशी अधिक विमाने बांधली जातात तसतसे प्रत्येक विमानामागे लागणारे श्रम कमी होत जातात, या जुन्या निरीक्षणाचा त्यात आधार होता. मात्र ॲरो यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. माणूस शिकतो तो अडचण सोडविताना. आणि तीच ती अडचण पुन्हा पुन्हा सोडवीत बसल्यास शिकणे फार लवकर थांबते. पहिल्या दहा प्रसिद्धिपत्रकांत कदाचित काही शिकता येत असेल. दोनशेव्या सत्कारात काय शिकावयाचे?

तेव्हा प्रत्यक्ष काम म्हणजे यंत्रसामग्री, स्टुडिओ, कॅमेरे आणि कार्यालयातली खुर्ची, हा समज प्रथम सोडून द्यावयास हवा. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. विद्यार्थ्यापाशी उणीव आहे ती वाचकाची. विभागाचे जे प्रायोगिक नियतकालिक निघते ते बहुधा परीक्षकच वाचतो. त्यात एखादे नाव चुकले तर अर्धा गुण जातो, पण ज्याचे नाव चुकले तो माणूस दारात येऊन उभा राहत नाही. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच, की ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस वाचीत असेल, त्याला लिहिणारा ठाऊक असेल आणि जाब विचारण्याची त्याला सोय असेल, तरच ते काम प्रशिक्षण या नावाला पात्र आहे. शहरातल्या कार्यालयात हे होणे कठीण. शिरवळसारख्या गावात ते टाळू म्हटले तरी टळणार नाही.

याचे एक उदाहरण शिरवळमध्येच गेली कित्येक वर्षे डोळ्यांसमोर आहे. येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, आणि त्यातले शेवटचे पूर्ण वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे. या संस्थेला जोडून जनावरांचा दवाखाना आहे, तेथे शेतकरी आपली गाय, म्हैस, शेळी घेऊन येतो. विद्यार्थ्याच्या हाताखाली येणारे जनावर कागदावरचे नसते. ते कोणाचे तरी असते, ते दुधावर असते, आणि त्याच्या मालकाला हप्ता फेडावयाचा असतो. निदान चुकले तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. विद्यार्थ्याच्या मागे अनुभवी शिक्षक उभा असतो, तो हात धरतो, पण जनावर खरे असते. या उमेदवारीच्या वर्षात विद्यार्थ्याला विद्यावेतनही मिळते. गाईच्या पोटदुखीसाठी समाजाने जी व्यवस्था निष्ठेने उभी केली, ती गावच्या बातमीसाठी का उभी करता येऊ नये, हे मला समजत नाही.

अमेरिकेत ती उभी राहिल्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. मिसूरी राज्याच्या विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ साली पत्रकारितेची शाळा काढली. (या गृहस्थांपाशी स्वतःची महाविद्यालयीन पदवी नव्हती, हे आपल्या विद्यापीठीय नियमावल्या लिहिणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.) १४ सप्टेंबर १९०८ रोजी शाळेचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या दैनिकाचा पहिला अंक निघाला. हे दैनिक महाविद्यालयाच्या आवारापुरते नव्हते. कोलंबिया नावाच्या त्या गावाच्या बातम्या ते देत असे, आणि गावात आधीपासून असलेल्या दुसऱ्या वृत्तपत्राशी त्याची स्पर्धा होती. पुढे १९५३ मध्ये त्या विद्यापीठाने दूरचित्रवाणी केंद्रही त्याच धर्तीवर काढले. संपादक अनुभवी व्यावसायिक, बातमीदार विद्यार्थी, आणि वाचक म्हणजे खरेखुरे नागरिक, अशी ही पद्धत आहे. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालत आला आणि त्यातून मराठी वृत्तपत्रांना अनेक चांगली माणसे मिळाली. मिसूरीसारखे गावाचे वृत्तपत्र मात्र आपल्या कोणत्याही विद्यापीठाने चालविल्याचे दिसत नाही.

आता शिरवळात बातमीला विषय काय आहेत, असे विचारणाऱ्याने सारोळ्याचा पूल ओलांडून एक दिवस येथे काढावा. नीरा नदी ही पुणे व सातारा जिल्ह्यांची हद्द. विद्यापीठेही याच नदीवर बदलतात. पलीकडची महाविद्यालये पुणे विद्यापीठाची, अलीकडची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातली. ज्या सावित्रीबाईंचे नाव २०१४ पासून पुणे विद्यापीठाला दिले गेले, त्यांचे जन्मगाव नायगाव मात्र अलीकडे, आमच्या खंडाळा तालुक्यात. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो, आणि पुण्याहून पन्नासेक किलोमीटर अंतर असल्याने कारखाने, गोदामे, इमारती या मार्गाने सरकत येथवर येऊन पोहोचले आहेत. औद्योगिक वसाहत झाली. ज्या जमिनीत ज्वारी होत असे तेथे आज रंग, शीतकपाटे आणि यंत्रांचे सुटे भाग होतात. कामगारांपैकी कित्येक परप्रांतातून आलेले आहेत आणि त्यांतले बरेचसे कंत्राटी आहेत. या वाढत्या वस्तीचा कारभार ग्रामपंचायत पाहते.

यातली कोणतीही एक गोष्ट घ्या. कारखान्यांकडून ग्रामपंचायतीला कराचे उत्पन्न किती येते? प्रश्न साधा दिसतो. उत्तरासाठी विद्यार्थ्याला प्रथम कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, आणि मागणीची नोंदवही, म्हणजे नमुना ९, पाहावी लागेल. आकारणी कोणत्या क्षेत्रफळावर झाली हे समजून घ्यावे लागेल. मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती वर्षांची, हे वेगळे काढावे लागेल. औद्योगिक महामंडळाकडे कोणती आकारणी जाते आणि पंचायतीकडे कोणती, हा घोळ निस्तरावा लागेल. मग कारखान्याच्या व्यवस्थापकाला आणि सरपंचांना भेटून दोघांचेही म्हणणे घ्यावे लागेल. ग्रामसेवक रजेवर असतील तर पुन्हा यावे लागेल. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वर्गात दोन तासांत शिकवून होतो. अर्ज कोणाकडे करावयाचा, त्यात नेमके कोणते कागद मागावयाचे, तीस दिवसांनी उत्तर न आल्यास पुढे काय, हे मात्र तो अर्ज केल्यावरच कळते. या एका बातमीत विद्यार्थ्याचे पुरे सत्र जाईल, आणि सत्राच्या अखेरीस त्याला स्थानिक वित्तव्यवहाराचे जे ज्ञान होईल ते माझ्या वर्गात होत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो.

किंवा जमिनीचे घ्या. सातबाराचा उतारा वाचता न येणारा पत्रकार ग्रामीण महाराष्ट्रात काय कामाचा? फेरफार, कुळाचे हक्क, इतर हक्कांतली बँकेची नोंद, पोटहिस्सा, वारसनोंद ही सगळी भाषा आहे, आणि या भाषेत येथल्या प्रत्येक घराचा इतिहास लिहिलेला आहे. भूसंपादनाचे पैसे आलेल्या घरांचे पुढे काय झाले, त्यांतल्या बहिणींना वाटा मिळाला की हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, हा विषय तर एका सत्रात संपणारा नाही. पाण्याचेही तसेच. नीरेच्या खोऱ्यातल्या भाटघर आणि वीर या धरणांचे पाणी कालव्यांनी फलटण, बारामती, माळशिरसकडे जाते. काठावरच्या गावांना त्यातले किती मिळते, हा येथला जुना सल आहे. महामार्गावरचे आणि खंबाटकी घाटातले अपघात तर रोजचेच. आज अपघाताची बातमी चार ओळींत येते, तीत मृतांची नावे असतात. त्याच वळणावर गेल्या पाच वर्षांत किती अपघात झाले, जखमींना कोणत्या रुग्णालयात नेले आणि तेथे पोहोचावयास किती वेळ लागला, हे पोलीस ठाण्यातल्या व रुग्णालयातल्या नोंदींवरून जुळविण्याचे काम एखाद्या बातमीदाराला एकट्याने झेपत नाही. पाच विद्यार्थ्यांना ते झेपेल.

असे काम छापून आले आणि त्यात एखादा गट क्रमांक चुकला, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणी तरी म्हणेलच, “पोरी, नाव माझं बरोबर घातलंस, पण रान दुसऱ्याचं लावलंस की गं.” पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागेल. ही दुरुस्ती लिहिण्यात जे शिक्षण आहे ते कोणत्याही परीक्षेत नाही.

खेड्यातून वृत्तपत्र निघू शकते काय, अशी शंका घेण्याचे आता कारण नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात छापखाना ठेवून तो दीर्घकाळ चालविला. वीज नव्हती, रस्ते नव्हते, पण शेतकऱ्याच्या दारात बसून शेतकऱ्याच्या प्रश्नावर लिहिण्याचा अधिकार त्यातून सिद्ध झाला. नानासाहेब परुळेकर हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी ‘सकाळ’ काढला. त्यांच्या यशाचे एक मर्म गावोगावी नेमलेल्या वार्ताहरांत होते. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे २००८ पासून माणदेशी तरंग हे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालते. सांगली जिल्ह्यात जतकडे येरळावाणी आहे. ज्यांनी कधी ध्वनिक्षेपक हातात धरला नव्हता अशा स्त्रिया तेथे बोलू लागल्या. मात्र सामुदायिक केंद्रांना परवानगी देणाऱ्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांना स्वतःच्या राजकीय बातम्या देण्यास मज्जाव केला, आणि त्यामुळे बातमीची शाळा म्हणून त्यांचा उपयोग अपुरा राहतो. छापील पानाला ही अडचण नाही.

यावर घेतला जाणारा एक आक्षेप गंभीर आहे. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती आज काय आहे ते सर्वांना माहीत आहे. त्याचे उत्पन्न बातमीवर फारसे अवलंबून नसते. ते जाहिरातींवरच्या दलालीवर अवलंबून असते. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरली की वर्ष निभावते. ६ जानेवारीला, ‘दर्पण’चा दिवस म्हणून, त्याच नेत्याच्या हस्ते त्याचा सत्कार होतो. अशा माणसाच्या शेजारी विद्यार्थी फुकट बातम्या लिहू लागले, तर त्याची उरलीसुरली किंमतही जाईल. हे खरे आहे. म्हणून विद्यार्थ्यांचे लिखाण दैनिकांना मोफत पुरविले जाता कामा नये, आणि गावातल्या जाणत्या वार्ताहराला विद्यापीठाने मानधन देऊन मार्गदर्शक नेमावे. वीस वर्षे तालुका पायाखाली घातलेल्या माणसाला नेट-सेट नसल्याने वर्गात उभे राहता येत नाही. शनिवारी चावडीवर विद्यार्थ्यांसमवेत उभे राहण्यास ती अट लावण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप कोणी उघडपणे घेणार नाही, पण तोच अधिक अवघड आहे. पश्चिम महाराष्ट्रात महाविद्यालय, सहकारी संस्था, पंचायत समिती यांची सूत्रे पुष्कळदा एकाच घराकडे किंवा एकाच गटाकडे असतात. विद्यार्थ्यांनी पंचायतीचा हिशेब मागितला आणि पंचायतीचे कारभारी महाविद्यालयाच्या संचालक मंडळावर असले, तर प्राचार्यांचा दूरध्वनी वाजणारच. यावर पूर्ण तोडगा माझ्यापाशी नाही. परंतु पत्राची मालकी स्थानिक महाविद्यालयाकडे न ठेवता विद्यापीठाच्या विभागाकडे ठेवली, २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली त्याची रीतसर नोंदणी केली, छापणाऱ्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी विद्यार्थ्यावर न टाकता प्राध्यापक-संपादकाने घेतली आणि कोणत्या कारणाने बातमी थांबविता येईल व कोणत्या कारणाने येणार नाही हे आधीच लिहून ठेवले, तर निदान दूरध्वनी करणाऱ्याला कोल्हापूरपर्यंत जावे लागेल. अंतराचाही काही उपयोग असतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. चार पानी मासिक पत्राला फार खर्च येत नाही. खर्च येतो तो माणसांच्या जाण्यायेण्याला आणि पोटाला. एकशेवीस तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. सत्राचे आठवडेही साधारण तितकेच. हे दिवस सलग न काढता दर शनिवारी एक याप्रमाणे वाटून दिले, तर शहरात खोली घेण्याची गरजच उरत नाही, आणि बातमीला जो वेळ पिकू द्यावा लागतो तोही मिळतो. अर्जाचे उत्तर येण्यास एक महिना लागतो, तो सहा आठवड्यांच्या सलग उमेदवारीत बसत नाही. एसटीचा विद्यार्थी-पास घरापासून शिक्षणाच्या गावापर्यंतचा असतो. तो प्रशिक्षणाच्या गावापर्यंत वाढवून देणे हा एका परिपत्रकाचा विषय आहे. विद्यार्थिनींना २०२३ पासून स्त्रियांसाठीच्या सवलतीत निम्मे भाडे पडते, मुलांना तेही नाही. विद्यावेतनाचे म्हणाल, तर शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या नियमांनी पदवीधरास दरमहा किमान नऊ हजार रुपये ठरवून दिले. राज्य शासनाने २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दहा हजार रुपये ठेवले. म्हणजे शिकाऊ माणसाच्या श्रमाला किंमत आहे हे शासनाने दोनदा मान्य केले आहे. शनिवारच्या या पंधरा दिवसांसाठी त्याच दराने मोजले, तर एका विद्यार्थ्यामागे होणारी रक्कम पाच-सहा हजारांच्या आत राहते. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला लाख-सव्वालाख. विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात एखाद्या द्विदिवसीय परिसंवादावर याहून कमी खर्च होतो असे नाही.

याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली महाविद्यालय काढून ‘कमवा व शिका’ ही कल्पना उच्च शिक्षणापर्यंत नेली. तेथल्या मुलांनी केलेले काम वसतिगृहाला आणि शेताला खरोखरच हवे होते. त्याबद्दल त्यांना शिक्षण मिळत होते. काम खरे आणि मोबदला खरा, या दोन्ही अटी तेव्हा पाळल्या गेल्या. आजच्या कार्यप्रशिक्षणाच्या परिपत्रकांतून तासांची संख्या काटेकोरपणे दिलेली असते, हजेरीपत्रकाचा नमुनाही जोडलेला असतो. काम कोणाला हवे आहे, हा रकाना त्या नमुन्यात नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने, आणि नदीपलीकडच्या पुणे विद्यापीठाच्याही, येत्या सत्रासाठी एकच गाव निवडून हा प्रयोग करून पाहावा. गाव शिरवळच असावे असा माझा हट्ट नाही. म्हसवड चालेल, जत चालेल, लोणंद चालेल. पण शिरवळ घ्यावयाचे ठरले, तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी जी ग्रामसभा सत्रात येईल तिच्या आधी दोन शनिवार तरी विद्यार्थी येथे पोहोचलेले असावेत, म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त मागून घेऊन वाचावयास त्यांना वेळ मिळेल. बसण्याच्या जागेची व्यवस्था करण्याचे काम मी अंगावर घेतो.